आग्नेसच्या घरचा साखरेचा डबा

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. चौकोनी, हातभर उंच, अंगावर फुलांचं चित्र, वर बिजागरीचं झाकण. आयुष्यात मी दोनच वस्तू पोटात बाळगल्या, आधी तूप आणि मग साखर. दोन्ही माणसांच्या आवडीच्या, त्यामुळे मला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. ज्या घरात मी राहिलो तिथं येणारा-जाणारा माझ्याकडे प्रेमानंच बघायचा. तरी मला जे सांगायचं आहे ते सुखाचं नाही. ते माझ्या मालकिणीचं, आग्नेसचं आहे. तिच्याबद्दल घरातली माणसं फारसं बोलत नाहीत. आठवलं की गप्प बसतात. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, कडा दाबल्या, की झालो मी तयार. मग माझ्या पोटात कढत, पातळ वनस्पती तूप ओतलं. ते हळूहळू थिजलं आणि पांढरंशुभ्र, रवाळ झालं. त्या दिवसांत खरं तूप परवडत नसे आणि हे स्वस्तातलं तूप घराघरांत शिरलं होतं. ते तेलापासूनच घट्ट केलेलं असतं, हे बहुतेकांना माहीत नसायचं. पांढरं आहे, घट्ट आहे, तूप म्हणतात, म्हणजे अंगी लागणारच, असा साधा हिशेब.

चौऱ्याहत्तर साली मी वसईला आलो. स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, केळीच्या वाड्यांमधलं एक गाव. तिथं सॅन्टन नावाच्या बागायतदाराच्या घरी त्याच्या धाकट्या भावाचं, बर्नार्डचं लग्न होतं. सॅन्टनच्या वाडीत केळी, नारळ आणि थोड्या पानवेली होत्या. आग्नेस त्याची बायको. लग्नाच्या आधी दोन दिवस अंगणात मांडव पडला, गल्लीतल्या बायका पीठ मळायला बसल्या, आणि माझं झाकण फोडलं गेलं. नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्या, केक, कसल्या कसल्या पुऱ्या. माझं तूप कढईत गेलं आणि तिथून वऱ्हाडाच्या पोटात. लग्न उरकलं तेव्हा मी रिकामा होतो.

रिकामा डबा बहुतेक घरांत भंगारात जातो. आग्नेसनं मात्र मला राख लावून घासलं, गरम पाण्यानं धुतलं आणि उन्हात उपडं घातलं. मग मला बाजारात पत्रेवाल्याकडे नेलं. त्यानं माझं तोंड कापून सारखं केलं, बिजागरी बसवली, कडी लावली, डाग दिला. घरी आल्यावर तिनं चुलीशेजारच्या फळीवर मला ठेवलं आणि काठोकाठ साखर भरली. झाकण लावताना म्हणाली, "आता कसं घर भरल्यासारखं वाटतं!"

ती असं का म्हणाली ते मला पुढं कळलं. आग्नेस लहान असताना लढाईचे दिवस होते. साखर मिळतच नसे. चहा गुळाचा, तोही मोठ्यांना. घरात पुडीभर साखर असायची ती आईच्या ट्रंकेत, आणि ती निघायची फक्त कुणी तापानं फणफणलं की. साखरेचं पाणी करून चमच्यानं पाजायचे. रोझलिनला, आपल्या मुलीला, ती एकदा सांगत होती, "मला ताप यावा असं वाटायचं गं. डोकं दुखलं तरी मी आयला म्हणायची, बघ, अंग तापलं का." दोघी खूप हसल्या होत्या. पण एवढं खरं, की साखरेनं माणूस बरा होतो ही गोष्ट तिच्या मनात तेव्हाच बसली होती.

आग्नेसच्या घरचा चहा गावात प्रसिद्ध होता. दूध घट्ट, साखर सढळ. घरांना आशीर्वाद द्यायला येणारे फादर तिच्याकडे मुद्दाम शेवटी यायचे, कारण तिचा चहा घेतल्यावर दुसरीकडचा पाणचट लागायचा. शेजारच्या वाडीतली शांता रोज संध्याकाळी कुंपणातून यायची. शांताबायचं घर हिंदू बागायतदारांचं, पण दोघींचा चहा एकच. कुणाचं मूल पास झालं, कुणाची गाय व्याली, कुणी रडत आलं, तरी आग्नेसचा हात आधी माझ्या कडीकडे जायचा. समजूत घालायला तिला शब्द सुचत नसत. ती साखर घालायची.

सॅन्टन माणूस मेहनती, पण जिभेचा लाडावलेला. तळलेली मासळी रोज हवी. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की डुकराचं मटण, त्यातही चरबीचा तुकडा आपल्या ताटात पडला की नाही हे तो बघायचा. रस्सा नारळाच्या दुधातला, भाकरीवर वनस्पती तुपाचा गोळा. जेवण मनासारखं नसलं तर तो बोलायचा नाही. ताट दोन बोटांनी पुढं सरकवायचा आणि उठायचा. बस्स, तेवढंच. ओरडला असता तर बरं, असं ते ताट सरकवणं असायचं.

आणि आग्नेस? ती कधी जेवायची हे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांची ताटं झाली की ती स्वयंपाकघरात उभ्यानंच काहीतरी खायची. मी फळीवरून बघायचो. कढईच्या तळाशी राहिलेलं तेल-मसाला ती भाताला पुसून घ्यायची. सॅन्टननं सरकवलेलं ताट तीच संपवायची. नाताळच्या नेवऱ्यांतल्या फुटलेल्या, करपलेल्या नेवऱ्या तिच्या. मुलीनं अर्धा सोडलेला केक तिचा. "अन्न टाकायचं नाही," ती स्वतःशीच पुटपुटायची. वर कपभर चहा, आणि त्यात कुणी बघत नसल्यामुळे आणखी एक चमचा. ताट घेऊन बसली असती तर ती किती खाते ते तिलाही कळलं असतं. उभ्यानं खाल्लेलं कुणाच्या खिजगणतीत नसतं.

ती जाड होत गेली. बायका कौतुकानं म्हणायच्या, "आग्नेसबाय, तब्येत सुधारली हां तुमची!" तेव्हा जाडी म्हणजे खात्यापित्या घरची खूण. तिलाही बरं वाटायचं.

मग अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर एक दिवस सॅन्टन वाडीत केळीचा घड खांद्यावर घेता घेता खाली बसला. घामानं भिजला, छातीवर हात दाबून धरला. गड्यांनी उचलून रस्त्यापर्यंत आणला, तिथून मोटारीनं मुंबईच्या इस्पितळात. हृदयविकाराचा झटका. वाचला, पण घरी आला तो दुसराच माणूस होऊन. गालफडं बसलेली, आवाज बारीक.

गावातले विद्याधर डॉक्टर घरी आले. ते तरुण होते आणि स्पष्ट बोलायचे. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी आग्नेसला सांगितलं, "तळलेलं बंद. चरबी बंद. नारळाचं दूध बंद. हे डब्यातलं तूप तर घरातच आणू नका. मीठ कमी, साखर कमी. यांच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठलीय. पुन्हा झटका आला तर मला बोलवायलाही वेळ मिळणार नाही."

"मी बघते, डॉक्टर," आग्नेस म्हणाली. "त्यांच्या तोंडात एक थेंब जाऊ देणार नाही."

आणि तिनं ते अक्षरशः पाळलं. चुलीवर दोन भांडी चढू लागली. एकात सॅन्टनचं उकडलेलं, दुसऱ्यात घरच्यांचं आणि गड्यांचं नेहमीचं. रोझलिन तेव्हा शाळेत शिक्षिका झाली होती. तिनं बापाच्या गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या. नणंद क्लेमेंटीन दर रविवारी येऊन भावाचं तोंड न्याहाळायची. सगळं घर सॅन्टनभोवती फिरू लागलं.

पण सॅन्टनला उकडलेलं गिळवेना. एक दिवस त्यानं पडवळाची भाजी बघितली आणि ताट सरकवलं.

"दोन घास तरी घ्या हो," आग्नेस म्हणाली.

"हे काय माणसाचं जेवण आहे? शेजारच्या भांड्यात काय शिजतंय त्याचा वास येतो मला."

"ते तुमच्यासाठी नाही."

"मग माझ्यासमोर शिजवू नकोस. आणि उरलेलं दिसता कामा नये मला."

त्या दिवसापासून उरलेलं दिसलं नाही. तळलेले मासे उरले की आग्नेस दाराआड उभी राहून संपवायची. नाताळात फराळ झाला तो नेहमीइतकाच, कारण पाहुण्यांना काय वाटेल. सॅन्टनच्या वाटणीचं त्याला द्यायचं नव्हतं आणि टाकायचंही नव्हतं. तेही तिनंच खाल्लं. नवऱ्याचं पथ्य ती अशी पार पाडत होती. आणि ताट सरकवलं गेलं की त्या रात्री माझ्यात तिचा हात जायचा. मूठभर साखर तळहातावर घेऊन ती चुलीकडे बघत चघळत राहायची.

साधारण वर्षभरानं काही गोष्टी बदलू लागल्या. मी फळीवर बसून होतो, मला दिसत होतं. आग्नेस मडक्याकडे सारखी जाऊ लागली. तांब्या तोंडाला लावला की घटाघटा संपवायची. पुन्हा परसदारी जायची, पुन्हा पाणी. रोझलिन म्हणाली, "आय, किती पाणी पितेस?" तर म्हणाली, "चुलीपुढे बसून बघ, म्हणजे कळेल."

मुंग्यांचं मला नवल नाही. त्या माझ्या जन्माच्या सोबतिणी. माझ्या बुडाशी पाण्याची परात ठेवली तरी कुठूनतरी चढायच्याच. पण आता त्यांची एक रांग मला सोडून, आग्नेस लघवीला जायची त्या परसातल्या मोरीकडे जाऊ लागली. शांतानं विचारलंही, "न्हाणीत एवढ्या मुंग्या कशा गं?" आग्नेसनं फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी रांग परत.

मग ती वाळू लागली. ब्लाउज ढिले झाले, गळ्याची हाडं वर आली. आणि बायका काय म्हणाल्या? "बरी सुटसुटीत झालात हो! नवऱ्याबरोबर तुम्हीपण पथ्य धरलंत वाटतं." आग्नेस हसली. तिला धाप लागायची, दुपारी चुलीजवळ बसल्या बसल्या डोळा लागायचा, पण हसली.

विद्याधर डॉक्टर दर महिन्याला घरी यायचे. सॅन्टनचा रक्तदाब बघायचे, छाती तपासायचे. आग्नेस त्यांना चहा द्यायची. त्यांनी कप घेताना तिच्याकडे कधी निरखून पाहिलं नाही. त्यांनी का पाहावं? रोगी आतल्या खाटेवर होता.

ऐंशीच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळातली गोष्ट. शुक्रवार होता. संध्याकाळी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायचं म्हणून आग्नेस घाईत होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, तेव्हा एक निखारा घरंगळत खाली आला. ती वळली आणि तिची टाच बरोब्बर त्याच्यावर पडली. मी बघत होतो. आता ती ओरडेल, उडी मारेल असं मला वाटलं. ती तशीच उभी राहून पेज ढवळत राहिली.

रोझलिन शाळेच्या वह्या घेऊन आत आली. "आय, काय जळतंय?"

"काही नाही. पेज लागली असेल तळाला."

"पेजेचा वास नाही हा." रोझलिननं भांड्यात पाहिलं, चुलीत पाहिलं. मग तिची नजर खाली गेली. तिच्या हातातल्या वह्या पडल्या. "आय! पाय! पाय उचल तुझा!"

आग्नेसनं पाय उचलला. टाचेला निखारा चिकटला होता. तिनं तो चिमट्यानं काढला आणि लेकीकडे बघून म्हणाली, "ओरडतेस काय? मला काही झालं नाही. दुखतसुद्धा नाही बघ."

"दुखत नाही?"

"वाडीत अनवाणी फिरून टाचा दगड झाल्यात माझ्या."

तिला त्याचा अभिमान वाटला होता, हे मी तिच्या आवाजावरून ओळखलं. रोझलिननं खोबरेल लावलं, फडकं बांधलं. आग्नेस तशीच चर्चला गेली आणि गुडघ्यांवर बसून प्रार्थना म्हणून आली.

जखम भरेना. आधी पाणी यायचं, मग पू. ती हळद भरायची, चिंधी बदलायची, चप्पल घालून कामाला लागायची. दुखत नव्हतं ना! दुखलं असतं तर बसली असती. ईस्टर झाला. मे महिना लागला. एक दिवस डॉक्टर सॅन्टनला तपासायला आले आणि चहाचा कप हातात घेता घेता थांबले.

"हा वास कसला?"

आग्नेस पदर सावरून मागं सरकली. डॉक्टर खाली वाकले. "बसा. पाय दाखवा." त्यांनी चिंधी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. टाचेची जखम चिघळत पुढं सरकली होती आणि दोन बोटं काळी पडली होती.

"आग्नेसबाई, तहान लागते?"

"लागते की."

"तुमच्या आईला काय झालं होतं?"

"आयला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. पायाला जखम होती, ती चिघळली आणि गेली."

डॉक्टरांनी लघवी मागवून घेतली. पेटीतून काचेची नळी काढली, त्यात निळं औषध ओतलं, चार थेंब टाकले आणि आमच्याच स्टोव्हवर नळी धरली. सगळे बघत होते. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं आणि बघता बघता पार विटेच्या रंगाचं झालं.

"मधुमेह आहे. आजचा नाही, बऱ्याच दिवसांचा," डॉक्टर म्हणाले. "यांना कधीच तपासलं नाहीत?"

"आय कधी आजारीच पडली नाही," रोझलिन म्हणाली.

"साखर जास्त खाल्ली म्हणून झालं का हो, डॉक्टर?" सॅन्टननं विचारलं.

"एकट्या साखरेनं नाही. आईकडून आलेलं असणार. पण वरून तळलेलं, तूप, गोड, वाढलेलं वजन. आतलं यंत्र किती दिवस ओढणार? तुमचा रोग छातीत दुखला म्हणून कळला. यांचा दुखतच नव्हता." मग ते पुटपुटले, "मी दर महिन्याला येत होतो."

मुंबईच्या इस्पितळात आग्नेसचा पाय कापला. आधी बोटं म्हणाले, मग घोट्यापर्यंत, शेवटी गुडघ्याखाली. हे मी शांता आणि क्लेमेंटीन यांच्या बोलण्यातून ऐकलं. त्या दोघी रिकाम्या चुलीसमोर बसून बोलत होत्या आणि कुणालाही चहा करायचं सुचत नव्हतं.

ती परत आली तेव्हा चार माणसांनी खुर्चीसकट आत आणली. स्वयंपाकघराच्या दारात तिनं खुर्ची थांबवायला सांगितली. चूल पाहिली, भांडी पाहिली. म्हणाली, "कुणी पुसली नाही वाटतं फळी."

इन्शुलिनच्या बाटल्या मडक्यातल्या गार पाण्यात राहू लागल्या. रोझलिन रोज सकाळी काचेची सिरिंज उकळायची आणि आईच्या दंडाला सुई टोचायची. मला माळ्याखालच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवलं. स्वयंपाक आता सॅन्टन करू लागला. आयुष्यात ज्यानं पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो डोळे चोळत चूल फुंकायचा. भात कच्चा राहायचा, भाजी करपायची. आग्नेस खुर्चीतून सांगायची, "आता झाकण घाला. आता उतरवा." तिनं ते सगळं खाल्लं. एकदाही ताट सरकवलं नाही.

भेटायला येणारी माणसं रिकाम्या हातानं कशी येणार? बिस्किटं आणायची, बर्फी आणायची, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणायची. "एखादं खाल्लं तर काय होतं? आजाऱ्याला ताकद नको का?" रोझलिन सगळ्यांशी भांडून वाईट झाली.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. रोझलिन शाळेत, सॅन्टन वाडीत. आग्नेसच्या डोळ्यांवर तोवर जाळी आली होती, तिला फारसं दिसत नव्हतं. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड खाली बसल्याचा. ती जमिनीवरून, हातांवर भार देत, एक पाय ओढत स्वयंपाकघरात आली. चुलीजवळची फुंकणी तिनं चाचपून घेतली, भिंतीला धरून एका पायावर उभी राहिली आणि वरच्या फळीवर इकडंतिकडं मारली. फुंकणी माझ्या कडीला अडकली. तिनं ओढलं. मी खाली आदळलो, झाकण उघडलं, साखर सगळीकडे पसरली.

ती भिंतीवरून घसरत खाली बसली. धुळीसकट, राखेसकट मुठीत घेतली आणि तोंडात घातली. पुन्हा घेतली. तिचे डोळे वाहत होते.

सॅन्टन दारात उभा होता. कधी आला कोण जाणे. ती ओरडा खाईल असं मला वाटलं. पण तो आला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"एवढी भूक लागली होती?"

"भूक नाही हो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तोंड कडू पडलं होतं. तोंड कडू पडलं की मी आजवर हेच करत आले."

"कधी पडायचं कडू?"

तिला रागानं काही सांगायचं नव्हतं. विचारलं म्हणून तिनं सांगितलं. "तुम्ही ताट सरकवलंत की."

वाडीतल्या चिखलानं भरलेले हात सॅन्टननं मांडीवर ठेवले होते, ते तसेच राहिले. बऱ्याच वेळानं उठून त्यानं केरसुणी घेतली आणि साखर झाडू लागला. झाडता झाडता त्याला इतकं रडू आलं की केरसुणी टाकून तो तिथंच भिंतीला टेकला. आग्नेसला ते दिसत नव्हतं. ती म्हणाली, "कोपऱ्यातली राहू देऊ नका. मुंग्या येतील."

आग्नेस त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये गेली. मूत्रपिंडं निकामी झाली, अंग सुजलं, दुसऱ्या पायालाही काळं लागलं होतं. तो पाय कापायला तिनं नकार दिला. "देवाकडे निदान एका पायावर उभी राहीन," म्हणाली. फादर आले, त्यांनी कपाळाला पवित्र तेल लावलं. शांता तिचा हात धरून बसली होती. सकाळच्या मिस्सेची घंटा होत असताना ती गेली.

दफनाला अख्खा गाव लोटला. त्या दिवशी कुणीतरी मला खाली काढलं आणि आलेल्या माणसांना चहा केला. माझ्यातली शेवटची साखर त्यात संपली. पडवीत बसलेला एकजण बशीतून घोट घेऊन म्हणाला, "आग्नेसच्या हातची गोडी नाही बुवा याला." त्याचं काही चुकलं नाही. चांगल्या मनानंच म्हणाला तो. पण रोझलिन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

ती जाऊन महिना झाल्याची मिस्सा झाली. रिवाजाप्रमाणे नातलग घरी जेवायला आले. बायका स्वयंपाकघरात शिरल्या, पुरुष बाहेर पंगतीला बसू लागले. सॅन्टन उठला आणि दारात येऊन म्हणाला, "आज आधी बायका बसतील."

सगळ्या थांबल्या. क्लेमेंटीन म्हणाली, "दादा, असं कुठे असतं का? घरच्या बायकांनी आधी जेवायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बसा. मी वाढतो."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, बाहेरचे पुरुष एकेक करून उठले. बायका बसल्या. शांताही बसली. सॅन्टननं भात वाढला, उकडलेली मासळी वाढली, भाजी वाढली. वाढताना रस्सा सांडत होता. काहीजणी मान खाली घालून बसल्या. सगळ्यांसमोर बसून, ताटात काय आहे ते बघत जेवायची त्यांना सवयच नव्हती.

क्लेमेंटीनपाशी तो थांबला. ती अलीकडे बरीच जाड झाली होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू कधी तपासून घेतलंस?"

"मला काय धाड भरलीय?" ती हसली.

"उद्या सकाळी मी येतो न्यायला. काही न खाता थांब."

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण भावाकडे पाहिलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन विद्याधर डॉक्टरांकडे गेला. तिच्यातही साखर निघाली, पण सुरुवातीची. आज ती चालती-फिरती आहे. गोळ्या घेते, सकाळी समुद्रापर्यंत चालत जाते आणि रोझलिनशी पथ्यावरून भांडते.

माझं म्हणाल तर मी आता डबा राहिलेलो नाही. बूड गंजलं, बिजागरी तुटली. मागच्या वर्षी सॅन्टननं मला कापून सपाट केलं आणि उंदीर वर चढू नयेत म्हणून विहिरीजवळच्या माडाच्या खोडाला खिळ्यांनी ठोकलं. आता माझ्यात काही भरता येत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पावसानं माझ्यावरचं उरलंसुरलं फुलांचं चित्र धुऊन नेलंय. वारा सुटला की मी जरासा वाजतो.

इथून गावातल्या कितीतरी घरांची मागची दारं दिसतात. पाहुणे गेले, ताटं उचलली, की दाराआड एक बाई उभी असते. एका हातात भांडं, दुसऱ्या हातानं उरलेलं गोळा करून तोंडात घालत असते. तिला मी हाक मारू शकत नाही, मी खिळलेला पत्रा आहे. तुम्ही पुढच्या खोलीत आहात, तुमचे हात मोकळे आहेत. आत जा. तिच्यासाठी पाट मांडा. तिच्या ताटात काय आहे ते बघा, आणि तिचं कुठं काही दुखत नसलं तरीसुद्धा तिला एकदा डॉक्टरकडे घेऊन जा.